पाठ मुलाची, उत्तरं आईची

मुलांच्या पाठी तपासायचं काम घेतलं, तेव्हा किस्से सोबत फुकट मिळतील असं कोणी सांगितलं नव्हतं. सरस्वतीपुरमच्या माझ्या क्लिनिकात ते इतके साचलेत, की जेवायला बसलं की घरचे भाजीच्या आधी किस्सा मागतात.

माझा नियम एकच. प्रश्न मुलाला, उत्तर मुलाचं. आमच्या म्हैसूरच्या आयांनी तो एक दिवससुद्धा चालू दिलेला नाही. "रात्री दुखून जाग येते का रे?" विचारलं, की शेजारून येतं, "येते ना डॉक्टर, आम्हाला झोपच नाही!" मुलगा आईकडे बघत राहतो. ही बातमी त्यालाही नवीनच असते.

हुणसूरचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. दप्तर जड, हे निदान त्यांनी बसमध्येच केलेलं. उघडलं तर आत वही एकच, बाकी डंबेल्स! चिरंजीव ट्यूशनच्या गच्चीवर चोरून व्यायाम करत होते. वडिलांनी एक डंबेल हातात तोलून बघितला आणि हळूच मला विचारलं, "याने दंड कधी दिसायला लागतात?"

बन्नूरच्या एका चिमुरडीला म्हटलं, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव. तिने वळून आईच्या पाठीवर बोट ठेवलं. रोज संध्याकाळी आईचं ऐकून बया "पाठ गेली गं" म्हणायला शिकली होती. आई म्हणाली, अय्यो, माझं राहू द्या हो. मी दोघींनाही तपासलं. धाकटी ठणठणीत निघाली.

आणि चैत्रा. आठवीतली, भरतनाट्यम शिकणारी. रंगप्रवेश, म्हणजे स्टेजवरचा पहिला पूर्ण कार्यक्रम, तोंडावर आलेला. हॉल ठरलेला, पत्रिका वाटून झालेल्या. वाकताना ती अडखळते असं क्लासच्या बाईंना दिसलं, म्हणून त्यांनी पाठवलेलं. आई म्हणे, नुसतं टेन्शन आहे, अल्वा, हो ना? मुलगीही म्हणे, काही नाही.

तिला एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगितलं. इथे दुखलं तर मणक्यात बारीक चीर असू शकते, आणि तशीच नाचली तर दुखणं कायमचं मागे लागायचं. मला खरं उत्तर हवं होतं. पण ती गोड हसत वाकली. नाचताना काहीही झालं तरी हसायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं! त्या चेहऱ्यावर मी काय वाचणार, कपाळ?

शेवटी म्हटलं, "बरं, पाठ दुखणारी बाई करून दाखव."

तिचा हात कमरेपाशी एकाच जागी गेला. हसू गेलं, ओठ थरथरले, डोळे भरून आले. आई कौतुकाने माझ्याकडे वळली, "बघितलंत डॉक्टर? काय अभिनय करते!"

"आई," चैत्रा म्हणाली, "मी करत नाहीये."