चावी समोरच्या घरात

वडिलांच्या कंबरेचं हाड मोडलं, तेव्हा मी त्यांना विक्रोळीच्या त्यांच्या चाळीतल्या घरातून मुलुंडला माझ्याकडे आणलं. आता ते एकटे राहायला परत जाणार नाहीत, हे मी परस्पर ठरवून टाकलं. त्यांना विचारलं नाही. ते वॉकर धरून हॉलमध्ये चालायचा सराव करत होते आणि मी आतल्या खोलीत बसून त्यांच्याच घराची भाड्याची जाहिरात साइटवर टाकत होतो. हवेशीर, पाणी भरपूर, चावी समोरच्या घरात.

समोरच्या घरात म्हणजे मालवणी काकींकडे. आई होती तेव्हापासून आमची चावी त्यांच्याच खिळ्याला.

फोन बरेच आले. लोक घर बघून जायचे, पण परत फोन करायचे नाहीत. शेवटी एकजण वैतागून म्हणाला, "साहेब, तिथे माणूस राहतोय. दोरीवर शर्ट वाळतोय."

रविवारी मी तावातावाने गेलो. काकी दारात कोलंबी सोलत बसल्या होत्या. आमच्या घरात पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं, दोरीवर वडिलांचा शर्ट.

"काकी, कोण राहतंय इथे?"

"तुझो बापूस."

"ते माझ्याकडे आहेत."

"मग परत येतलो मां? सकाळी पाणी येता तेवा भरून ठेवतंय. पिंप सुका पडला की घर उठला."

"आणि लोकांना काय सांगता?"

"मालक बाजारात गेलेत, येतील आता." एवढं त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या. मग कोलंबीकडेच बघत विचारलं, "तू बापाशीक काय सांगितलंस?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. वडिलांच्या खाटेवर बसून मोबाइलवर जाहिरात उघडली. 'तात्पुरती थांबवा' आणि 'कायमची काढा', असे दोन पर्याय होते. मी तात्पुरती थांबवली. तेवढाच धीर झाला.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी वॉकर भिंतीला लावून ठेवला. मग म्हणाले, "पाण्याचं काय लिहिलंस?"

"भरपूर."

"ते मात्र खोटं."

मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांना घरी नेलं. काठी टेकत ते सरळ पिंपापाशी गेले, तांब्याभर पाणी काढून प्यायले. "आजचंच आहे," म्हणाले. काकी दारातून म्हणाल्या, "इलास? आता तुमचो शर्ट तुमीच धुवा."

माझी चूक मी निस्तरली असं म्हणवत नाही. ती त्या बाईने रोज सकाळी, मला न सांगता निस्तरली. तिचे आभार मानायला गेलो, तर हातात कोलंबीच्या कालवणाचं भांडं देऊन मला वाटेला लावलं.

घरी येऊन जाहिरात कायमची काढली. साइटने कारण विचारलं. दिलेल्या पर्यायांतलं एकही लागू नव्हतं. खालच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं : मालक बाजारातून आले.