मेडशीची हरतालिका आणि रक्तातले विळे

वाशीमला गाडीतून उतरले तर स्टेशनाबाहेर माझी कॉलेजातली मैत्रीण डॉ. सुनंदा ऑटो अडवून उभी. "चहा घे आणि चल. मेडशीला आज सिकलसेलची रक्ततपासणी आहे." मी आराम करायला आलेली बाई! पण सुनंदापुढे कोणाचं काय चालतं?

एसटीच्या खिडकीतून हिरवंगार सोयाबीन, मधूनमधून तुरीचे तास. त्या दिवशी हरतालिका. गाडीतल्या बायका निर्जळी (पाण्याचा थेंबही न घेता) उपासाच्या, आणि मी खुशाल केळं सोलत बसलेली. शेजारणीने विचारलंच, "काहो बाई, तुमच्या इकडं महादेव लौकर पावते काय?" सगळी गाडी हसली. मीही.

मेडशीत शाळेच्या खोलीत मंदा भेटली. लग्नाच्या वयाची पोर, डोळे पिवळसर. गेल्या वर्षी याच उपासानं तिचे हातपाय असे दुखले, की जीव वाचला हेच नशीब. तरी यंदा पुन्हा निर्जळी! आई गंगूबाई हटून बसलेल्या. "चांगला नवरा भेटला पाह्यजे ना पोरीले. मीबी करतो, मले काई होत नाही. तिलेच काहून होते?"

सुनंदाने वाद घातला नाही. दोघींच्या बोटांतून रक्ताचा एकेक थेंब घेतला, काचेवर पसरला आणि मायक्रोस्कोप पुढे सरकवला.

मला राहवेना, आधी मीच डोळा लावला. गंगूबाईंच्या काचेवर तांबड्या पेशी गोल, नितळ. मग मंदाची काच. अगं बाई! गोल पेशींमध्ये ताठ, टोकदार, थेट विळे! सुनंदा समजावत होती. मंदाच्या पेशीतलं हिमोग्लोबिनच सदोष, त्यात पातळ आवरण गळकं, आतलं पाणी निघून गेलं की पेशी वाकडी होते. पाणी, हवा मिळाली की सावरते. पण पुन्हा पुन्हा तसं झालं की आवरणच कडक होतं आणि विळा कायमचा राहतो. हे विळे नसांत अडकतात, तेच तिचं दुखणं. एका थेंबात एवढं सगळं!

गंगूबाईंनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग हळूच म्हणाल्या, "हे माह्याकडून गेलं काय तिच्यात?"

"अर्धं तुमच्याकडून, अर्धं तिच्या बाबाकडून. नुसत्या अर्ध्याने तुम्हाला त्रास होत नाही, तिच्यात दोन्ही एकत्र आले. दोष कोणाचाच नाही, मावशी."

त्या उठल्या. माठातून गडवा भरून आणला आणि मंदाच्या ओठाला लावला. "पे."

"आई, उपास मोडते ना माहा!"

"मोडू दे. तुहा मी करतो. आज माहा, उद्या तुहा."

"मावशी, असं करू नका!" सुनंदा ओरडली. ऐकतंय कोण!

रात्री तिथंच राहिलो. सकाळी एसटीच्या थांब्यावर माय-लेकी दिसल्या, वाळूचा महादेव शिरवून (विसर्जन करून) परतत होत्या. मंदाच्या हातात पाण्याची बाटली, निम्मी संपलेली. गंगूबाईंचे ओठ पार सुकलेले.

"आता तरी घोटभर घ्या हो," मी हात जोडले.

"सांजेले घेतो. हा उपास पोरीचा हाय ना, बाई."

घरी आल्यापासून भेटेल त्याला मी रक्तातल्या विळ्यांचं नवल सांगते आहे. गंगूबाईंपाशी आले की मात्र उठून समोरच्याला पाणी आणते, आणि पुढचं सांगायचं राहून जातं.