भाऊजींची कार्डं

नाशिक शहरात आजवर जेवढी माणसं होऊन गेली त्यांत, एखाद्या वस्तूकडे नुसती वस्तू म्हणून पाहणं ज्याला जन्मात एकदाही जमलं नाही असा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. तुमच्या आजोबांचे हे आतेभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी म्हणायचे, आणि एवढा मान राखून आम्ही बारा-चौदा वर्षं सलग भांडलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कॉलेजातल्या ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि घराजवळच्या वाचनालयाचं काम पाहायला लागले. सहा महिन्यांनी भाऊजी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि काही मदत हवी का, म्हणून विचारायला आले. मी हो म्हटलं. मुलांनो, शिकल्यासवरल्या माणसाच्याही हातून चुका होतात.

वीजकेंद्रात ते भांडारात होते. तिथे प्रत्येक सुट्या भागाचं एक कार्ड असतं. त्यावर नंबर आणि नग लिहायचे असतात, पण भाऊजी त्यावर त्या भागाचा स्वभाव लिहीत. कुठल्याशा बेअरिंगच्या कार्डावर त्यांनी "मागच्या वेळी हट्टाने बसलं, आधी गरम करा" असं लिहून ठेवलं होतं आणि त्यामुळे वीजनिर्मितीचा अख्खा संच बंद पडता पडता वाचला, ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की ते बेअरिंग समोर आलं तर मी ओळखीन. हीच पद्धत त्यांनी वाचनालयात आणली. मी त्यांना समजावलं की पुस्तकाच्या कार्डावर लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि विषय एवढंच लिहितात, जगभर असंच लिहितात. ते मान डोलवायचे आणि पाकशास्त्राच्या पुस्तकाच्या कार्डावर लिहायचे, "पान एक्केचाळीसवर तेलाचे डाग. या पानावरच्या वड्या चांगल्या होत असाव्यात." एका प्रवासवर्णनाच्या कार्डावर, "देणगीदार स्वतः भगूरच्या पुढे कधी गेले नाहीत." सगळ्यांत कहर केला तो एका रहस्यकथेच्या कार्डावर. "शेवटची चार पानं नाहीत. खुनी कोण ते वहिनींना विचारावं." लोक येऊन खरोखर विचारायला लागले. शेवटी मी त्या पुस्तकाची दुसरी प्रत मिळवून वाचली. शिपाईच खुनी होता. आमच्या वाचनालयातल्या शिपायाला हे सांगताना मला उगीचच संकोच वाटे.

घरीही हेच. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीला चिठ्ठी होती. लोणच्याच्या बरणीवर "कैऱ्या नांदगावच्या मेव्हण्याकडच्या. मेव्हण्याने आणल्या नाहीत, आपण जाऊन आणल्या." जाऊबाई म्हणायच्या की मिठाच्या डब्यावरचं वाचून होईपर्यंत भाजी खाली लागते. आणि घरात लग्न असो, मुंज असो, फोटोग्राफर सगळ्यांना उभं करायला लागला की भाऊजी वही काढून बाजूला व्हायचे आणि डावीकडून उजवीकडे नावं लिहून घ्यायचे. "एक मिनिट, या कोण? सूनबाई का? माहेर कुठलं?" तेवढ्यात हसणाऱ्यांची तोंडं सुकून जायची.

वाचनालयाला लोकांनी जुने फोटोही दिले होते, आणि त्यांची कार्डं करणं ही माझी मोठी चूक नंबर दोन. पुस्तकावर निदान नाव छापलेलं असतं. फोटोतली माणसं शोधायला भाऊजी स्वतःच बाहेर पडू लागले. एका फोटोसाठी ते दोनदा एसटीने पेठला जाऊन आले. आमच्याच वाचनालयाच्या इमारतीच्या उद्घाटनाचा फोटो होता तो. अध्यक्ष, पाहुणे, हार, फीत, सगळे ओळखीचे. मी विचारलं, पेठला कोण राहतं यातलं? ते म्हणाले, इमारत बांधणाऱ्यांचा मुकादम राहतो. मी कपाळाला हात लावला. इथे दोन कपाटं पुस्तकं नोंदणीवाचून पडली होती.

मग दोन हजार साल उलटल्यावर वाचनालयात संगणक आला आणि मला वाटलं, सुटले. संगणकात प्रत्येक गोष्टीला ठरलेला रकाना असतो आणि रकान्यात ठरलेली अक्षरं मावतात. "शेरा" या रकान्यात तर जेमतेम एक ओळ बसायची. मी दीड वर्ष खपून सगळ्या नोंदी स्वच्छ, एकसारख्या केल्या. तेलाचे डाग गेले, खुनी गेला, मेव्हण्यासारखं जे जे होतं ते सगळं गेलं. उद्घाटनाच्या फोटोपुढे मी लिहिलं, "अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, इतर अज्ञात." भाऊजी मागे उभं राहून वाचत होते.

"वहिनी, अज्ञात नाहीत ते. तुम्हाला माहीत नाहीत, एवढंच."

मी म्हटलं, नोंदीत असंच लिहायची पद्धत आहे. ते वळले आणि आपल्या कार्डांकडे गेले. एरवी मात्र त्यांना संगणकाची थट्टा करायला लोडशेडिंग पुरायचं. वीज गेली की पडदा काळा व्हायचा आणि ते म्हणायचे, "माझं कार्ड विजेवर चालत नाही." जन्मभर वीजकेंद्राचा पगार खाल्लेल्या माणसाने असं बोलावं? वीज गेली की मीही त्यांच्याकडे अशी पाहायची, जणू त्यांनीच ती बंद केली आहे.

नोंदी पूर्ण झाल्यावर समितीने ठरवलं की जुनी कार्डं रद्दीत द्यावीत, जागा मोकळी होईल. ठराव मीच मांडला होता, हे तुमच्यापासून लपवत नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजी लुना घेऊन आले आणि कार्डांचा एकेक खण पायांमध्ये ठेवून घरी न्यायला लागले. अकरा खेपा झाल्या. मला एका शब्दाने विचारलं नाही. जाऊबाईंचा फोन आला, की पलंगाखाली आता झाडू जात नाही, याला जबाबदार तुम्ही.

साताठ महिन्यांनी सुरगाण्याकडून एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. वडील नुकतेच गेले होते आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. "बा सांगायचा, नाशिकला पुस्तकांच्या घरात माझा फोटू हाय. आम्ही हसायचो त्याला." मी वडिलांचं नाव विचारलं आणि संगणकात टाकलं. काही निघालं नाही. गाव टाकलं. काही नाही. माझ्या त्या दीड वर्षाच्या स्वच्छ नोंदींनी मला दोनदा सांगितलं की असा माणूस आमच्याकडे नाही. बाई उठल्या, म्हणाल्या, राहू द्या मॅडम, बा उगाच सांगायचा म्हणजे. आणि मला पेठची एसटी आठवली.

मी भाऊजींना फोन केला. माझ्या सांगण्यातून त्यांना सगळं कळलं असणार, पण तोंडाने एवढंच म्हणाले, "आलो." वीस मिनिटांत एक कार्ड घेऊन आले आणि ते माझ्यासमोर ठेवलं. टोमणा मारायला याहून चांगली संधी त्यांना जन्मात मिळणार नव्हती, आणि त्यांनी ती घेतली नाही, याचा राग मला अजून आहे. कार्डावर लिहिलं होतं, "मागच्या रांगेत, खांबाला टेकून, हातात रिकामं घमेलं. नाव सोमा. गाव सुरगाण्याकडे. घमेलं खाली ठेव म्हटलं तर ठेवलं नाही. मोकळ्या हातांचं काय करायचं ते कळत नाही म्हणाला. (मुकादमाने सांगितलं.)"

फोटो काढून टेबलावर ठेवला. बाईंनी पाहुण्यांवरून नजर पुढे सरकवली आणि खांबापाशी थांबल्या.

"असाच होता," मग म्हणाल्या. "पाव्हण्याकडं गेला तरी काहीतरी हातात धरूनच बसायचा."

त्या फोटोची प्रत करून दिली. दुसऱ्या दिवशी मी समितीला सांगितलं की कार्डं परत आणायची आहेत आणि ती संगणकातही घालायची आहेत. पुढची दोन वर्षं दुपारी भाऊजी वाचायचे आणि मी टाइप करायची. प्रत्येक शेऱ्याला मी हरकत घ्यायची आणि प्रत्येक शेरा घालायची. एका ओळीच्या रकान्यात बसत नव्हतं म्हणून चार-चार नोंदी कराव्या लागत. खुनीसुद्धा परत आला.

ते गेले तेव्हा दिवाणखान्यात लावायला फोटो शोधू लागलो, तर एकही नाही. साऱ्या खानदानाचे सारे समारंभ पालथे घातले. माणसं सगळी होती, प्रत्येकाचं नाव मागे सुवाच्य लिहिलेलं होतं, पण लिहिणारा कुठेच नव्हता. निवडणुकीच्या ओळखपत्रावर एक चेहरा होता, पण तो त्यांच्यासारखा सोडाच, कोणासारखाच दिसत नव्हता. मी जाऊबाईंसमोर त्यांच्यावर चिडले. जाऊबाई म्हणाल्या, आता ऐकायला नाहीत ते.

परवा तुमच्या आईच्या लग्नातला मोठा फोटो सापडला. तो या पत्रासोबत पाठवत आहे. मागे मी सगळ्यांची नावं लिहिली आहेत, डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे. सगळ्यांत शेवटी लिहिलं आहे, "उजव्या कडेला पांढऱ्या शर्टाचं कोपर दिसतं ते भाऊजी. हातात वही आहे." फ्रेम करायला द्याल तेव्हा ती कड कापू देऊ नका.