पालखी शाळेत विसावली तेव्हा

आमची शाळा कशी टिकली, याच्या तीन हकिकती गावात फिरतात. मुंबईतल्या गावकऱ्यांचे मंडळ म्हणते, आम्ही टिकवली. सरपंच म्हणतात, त्यांनी. तिसरी अशी की मी घराण्याचा मान सोडला म्हणून टिकली. तिन्ही खोट्या आहेत आणि तिसरी मला मुळीच मान्य नाही.

तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी आमच्या वळणापर्यंत येऊ लागली होती. आणखी काही मुले गेली असती तर आमच्या शाळेला कुलूप लागले असते. माझा मुलगा मुंबईत नोकरीला; नातवाला त्या गाडीत बसवायचे त्याने जवळजवळ ठरवले होते.

अशा वेळी कोल्हापूरकडच्या नव्या मुख्याध्यापिकांनी पालकांना बोलावले आणि फळ्यावर चार चौकोन आखले: बलस्थाने, उणिवा, संधी, धोके. आलेल्या सगळ्या बायका. पुरुष मी एकटा. धोक्यांत ती गाडी गेली. उणिवांत कोणी सांगितले, "बापये मुंबईत," आणि बाईंनी ते लिहिलेही.

"ते पुसा," मी म्हणालो. "माझा मुलगा घर चालवतो. तो उणीव नव्हे."

"मग कुठे लिहू, काका?"

"बलस्थानांत."

त्यांनी तसे लिहिले आणि वळून विचारले, "या बळाचा शाळेला उपयोग काय, तेही सांगा."

मी उत्तर जुळवत होतो, तोवर मागून माझी सून बोलली. "बापये शिमग्याला येतातच ना, मामंजी? पण सगळे पालखीमागे. शाळेकडे बघतो कोण? पालखीच शाळेत आणा."

"आता मामंजींची परीक्षा," कोणी कुजबुजले. बायका पदराआड हसल्या. बाईंनी संधीच्या चौकोनात लिहिले, शिमगा.

ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते तो क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पहिले अंगण आमचे. शाळा त्यात कुठेच नव्हती. गावकीच्या बैठकीत एकाने मला डिवचले, "तुमची जागा देताय वाटतं शाळेला?"

"आमच्या अंगणातून निघाली की शाळा," मी म्हणालो. "हरकत असेल त्याने उभे राहून सांगावे." कोणी उभे राहिले नाही. आमचे अंगण पहिले होते, पहिलेच राहिले. यात मी सोडले काय?

त्या सकाळी पालखी शाळेच्या जांभ्याच्या ओट्यावर विसावली. ढोल थांबले. बाईंनी भाषण केले नाही. प्रत्येक मुलाने आपल्या बापाचा हात धरून त्याला आपल्या जागेवर बसवले. गुलालाने माखलेले, खांद्यावर पालखीचे वळ उमटलेले ते पुरुष बुटक्या बाकांत अंग चोरून बसले, आणि मुले एकदम वाचू लागली, जो तो आपल्या बापासाठी. ज्यांचे बाप आले नव्हते त्यांच्याशेजारी काका-मामा बसले होते.

जन्मभर मी पालखी नाचताना पाहिली आहे. अंगावर असा काटा कधी आला नव्हता. दारात उभा होतो, हात आपोआप जोडले गेले. पालखी तर माझ्या पाठीमागे होती.

नातू एका शब्दाशी अडला. माझ्या मुलाने तो सांगितला नाही. परतीचे तिकीट खिशात घालूनच गावी येणारा हा माणूस, पोराच्या बोटावर नजर ठेवून थांबून राहिला. शब्द जुळला तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

निघताना त्याने बाईंना विचारले, "पुढच्या शिमग्याला हा काय वाचून दाखवील?"

जूनमध्ये गाडी वळणावर येऊन बराच वेळ हॉर्न वाजवत राहिली. आमचा नातू तेव्हा शाळेच्या ओट्यावर होता. मंडळाचा फलक तिथे नंतर लागला.