कॉकपिट, खालून वर

विमान बाहेरून कुणीही ओळखतं. पंख बघितले, शेपटी बघितली, झालं. खरी गंमत आतून ओळखण्यात आहे. कॉकपिटचा फोटो समोर ठेवायचा, खालचं नाव कागदाच्या पट्टीनं झाकायचं आणि सांगायचं, ही खुर्ची कोणत्या विमानातली. औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या वर माझा एक मित्र राहतो, हवाई दलातून निवृत्त झालेला. त्याच्याकडं रविवारी आम्ही चार-पाच रिकामटेकडे हाच उद्योग करायचो. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत धरणांचे नकाशे काढले. विमान उडवणं सोडाच, विमानात बसलोसुद्धा फार उशिरा. पण या खेळात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

रशियन कॉकपिटचा हिरवट निळा रंग लांबूनच कळायचा. ब्रिटिशांच्या स्पिटफायरमध्ये विमान वळवायच्या दांड्याला वर गोल कडं. जुन्या मिगच्या समोरच्या फळीवर मधोमध एक पांढरी उभी रेघ असते. विमान गिरक्या खात खाली निघालं, तर गांगरलेल्या वैमानिकानं दांडा त्या रेघेकडं ढकलायचा, एवढ्यासाठी ती ओढलेली. हे ज्याला सुचलं त्या माणसाला मी मनातल्या मनात कितीदा नमस्कार केलाय. जिवावर बेतल्यावर माणसाचा हात कुठं जाईल, याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवतं, हे मला फार थोर वाटतं.

मग काचबिंदूनं डोळे नेले. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. मी रविवारी जाणं बंद केलं. शहागंजातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून जमवलेले परदेशी मासिकांचे गठ्ठे पलंगाखाली होते. बायकोला म्हटलं, देऊन टाक रद्दीत.

ती वैजापूरकडच्या शेतकरी घरातली. चटकन हार मानणारी नव्हे. "मी बघून सांगते ना," ती म्हणाली. "तुम्ही वळखा."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"कळायचं तुम्हाला हाय. मला फकस्त बघायचंय."

एक मासिक घेऊन ती माझ्याशेजारी बसली. "खाली फळी हाय. पाय ठिवायला दोन पायडलं हायेत."

"खालचं राहू दे गं, वरचं सांग!"

"दमा जरा. बाजूच्या खिडक्या बाहेर आल्यात. पोट सुटल्यावानी."

मी उडालोच. वैमानिकाला वाकून खाली बघता यावं म्हणून फुगवलेल्या खिडक्या! रशियाचं दुपंखी एएन-टू. तिनं नाव वाचलं, बरोबर निघालं. त्या संध्याकाळी मला दोनदा चहा प्यावासा वाटला.

ठरवलं, येत्या रविवारी जायचं. तिथं एक तरी विमान ओळखलं, तर मासिकंही राहतील आणि त्या मंडळींत मीही राहीन. नाही तर सोमवारी गठ्ठे शहागंजात, आणि पुन्हा त्या जिन्याची पायरी चढायची नाही. मग मी बायकोला शिस्त लावायला घेतली. वरची रांग आधी, डावीकडून उजवीकडं. मग मधली. किती डायल, काटे कुठं, आकडे कसे. जमिनीचं नाव काढायचं नाही. तिनं बिचारीनं ते सगळं पाठ केलं.

रविवारी तिला घेऊन मित्राकडं गेलो. वहिनींनी बघून सांगायला कुणाची हरकत नव्हती. पहिला फोटो तिनं अगदी मी शिकवल्यासारखा सांगितला. गोल डायल, शेजारी गोल डायल, त्याखाली आणखी एक. माझ्या डोक्यात नुसता घड्याळांच्या दुकानाचा गोंधळ झाला. दुसऱ्यालाही तेच. "जाऊ दे रे, चहा घेऊ," कुणीतरी मायेनं म्हणालं. शिवी दिली असती तर चाललं असतं.

शेवटचा फोटो जुना, कृष्णधवल होता. बाकीचेही त्याच्यापुढं हात टेकून बसले होते. बायको तो घेऊन उठली आणि खिडकीपाशी गेली.

"आता मी माझ्या पद्धतीनं सांगते," ती म्हणाली. "खाली लई अंधार हाय. पण एकच पायडल दिसतंय. दुसऱ्या पायाला कायच नाय."

"नीट बघ. दोन असतात."

"एकच हाय म्हणते ना! आन् दांडा बी नाय. चाक हाय, मोटारीवानी."

माझ्या अंगावर काटा आला. शेपटीचं सुकाणू पायांनी वळवायचं असतं, म्हणून पायडलं दोन. पण एक छोटं विमान असं होतं, की त्यात ते कामसुद्धा हातातल्या चाकालाच जोडलेलं. पायाला उरला फक्त ब्रेक.

"अर्कूप!" मी ओरडलो. "जुनं अमेरिकन अर्कूप!"

पट्टी निघाली. अर्कूपच होतं. टाळ्या पडल्या, पाठीवर थापा पडल्या. फोटो पुन्हा हातोहात फिरला. सगळे वरच्या घड्याळांतच अडकले होते. यजमान मित्र म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला. पण पायाशी बघायचं सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात? ह्यांना घिऊन चालायचं म्हणजे आधी खालीच बघावं लागतं. पायरी, खड्डा, रस्त्यातलं कुत्रं. आता तर वर बघायची सवयच मोडली."

ती सहज बोलली आणि सगळे हसले. मला हसता येईना. तिचा असा अभिमान वाटत होता की सांगता सोय नाही, पण ती मोडलेली सवय मनातून जाईना.

निघताना ती मला जिन्याकडं नेऊ लागली. मी म्हटलं, आधी गच्चीत चल. कठडा हाताला लागला तसा मी तिचा हात सोडला.

"मी घट्ट धरून उभा आहे. तू वर बघ."

"काय बघू?"

"काय दिसतंय ते सांग."

तिच्या बांगड्या वाजल्या, डोळ्यांवर हात धरला असावा. मग म्हणाली, "कायच नाय ओ. निळं हाय. लई निळं हाय."