वाऱ्याच्या खांबाचा राखणदार

पुटुलिक जन्मला तो दिवस उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या तासिराक गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो, कारण त्या दिवशी काहीच झालं नाही. वारा नाही, बर्फ नाही, समुद्रावर एक सुरकुती नाही. तंबूतून धूर निघाला तो सरळ आभाळात गेला. आता आमच्याकडे माणूस ज्या हवेत जन्मतो ती हवा त्याची होते, आणि जन्मभर त्याचं ऐकते.

त्यामुळे पुटुलिकचं सगळं बालपण कपडे काढण्यात गेलं. कुणी बेलुगा देवमाशाच्या शिकारीला निघायचं आणि वादळ सुटायचं, नाहीतर लग्नाचे पाहुणे घेऊन आलेलं विमान नुसतं वर घिरट्या घालायचं. मग लोक या पोराला उघडं करून दारासमोरच्या बर्फात लोळवायचे आणि त्यानं ओरडायचं, "माझी हवा कुठाय?" हवा यायची. कधी तासाभरात, कधी आठवड्यानं, पण यायची, आणि श्रेय पुटुलिकच्या खात्यावर जमा व्हायचं. आता त्याची साठी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, तरी लोक विचारतातच. तो फक्त टोपी काढतो आणि म्हणतो, "एवढ्यावर भागवा."

अशा माणसाला गावानं वाऱ्याच्या खांबाचा राखणदार नेमलं.

त्याचं झालं असं. गावाचं वीजघर पुटुलिकच्या घरामागे. उन्हाळ्यात जहाज डिझेल आणून ओतायचं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते इंजिन त्याच्या उशाशी धडधडत राहायचं. वसंतात गावावरून हंसांचे थवे कलकलत जायचे. इतरांना ते आवाजावरून कळायचं, पुटुलिकला मान वर करून बघावं लागायचं. घरच्या पायरीवर बसून एकदा तरी हंस ऐकावेत एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून दक्षिणेकडच्या वीजकंपनीच्या लोकांनी सभेत सांगितलं की, "डोंगरावर वर्षभर वारा मोजू, सरासरी भरली तर पवनचक्क्या लावू आणि इंजिन बहुतेक वेळ बंद ठेवू," तेव्हा वारा मोजायच्या खांबाकडे कोण बघणार हा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यानं हात वर केला. इतक्या घाईनं, की शेजाऱ्याच्या मांडीवर चहा सांडला. तो पाण्याच्या टँकरवरून नुकताच निवृत्त झाला होता. बर्फगाडी नवी होती आणि वेळ तर त्याहून नवा. सरपंच लाझारुसी त्याचा चुलतभाऊ. त्यानं लगेच शिक्कामोर्तब केलं. जन्मदिवसाची आठवण कुणालाच झाली नाही.

ती झाली शरद ऋतूत, रेडिओवर. आमच्या गावच्या रेडिओवर बिंगो चालतो, हरवलेले हातमोजे सापडतात आणि भांडणंही मिटतात. मोजलेला वारा अपेक्षेपेक्षा कमी भरतोय असं लाझारुसीनं त्यावर सांगितलं, आणि एका म्हातारीचा फोन आला.

"लाझारुसी, अरे पण पुटुलिक शांत हवेचा ना?"

मग फोन थांबेनात.

"कुणाला नेमलंस रे? उद्या सीललाच जाळं विणायला बसवशील!"

"काल हा डोंगरावर गेला आणि माझे वाळत घातलेले कपडे हलायचे थांबले. हे डोळ्यांनी बघितलंय!"

"पुटुलिककाका, ऐकताय ना? घरी बसा. मी केक पाठवते, पण घरी बसा."

केक आला. पुटुलिकनं खाल्ला. त्यानं आठवून पाहिलं, तर खरंच, तो जेव्हा जेव्हा वर गेला तेव्हा हवा शांतच होती. वारा मोजणाऱ्यांची इंजिनिअर जोसियान, तिला त्यानं फोन करून हे सांगितलं. ती पोटभर हसली. "पुटुलिक, हवा चांगली असली की तुम्ही वर जाता. मग तिथे चांगलीच हवा सापडणार ना? आणि हे आकडे उन्हाळ्याचे आहेत. हिवाळा येऊ दे."

त्याला ते पटलं. रात्रीच्या जेवणापर्यंत पटलेलं राहिलं.

हिवाळा आला तो दारं ठोठावत आला. गावात कुत्री तिरकी चालायला लागली. आणि नेमका तेव्हा जोसियानचा फोन, की आकडा शून्य येतोय. वादळात खांबाच्या टोकावरच्या, वाऱ्यानं फिरणाऱ्या तीन वाट्यांवर बर्फ चढून त्या गोठल्या होत्या. "हेल्मेट घालून जायचं आणि लाकडी हातोड्यानं खांब ठोकायचा, बर्फ आपोआप पडेल. पण लवकर. वर्षाचा खरा वारा याच दिवसांत असतो. हा हुकला तर सरासरी भरत नाही."

हे काम शिकलेला पुटुलिक एकटाच. गेला नाही तर वाट्या फिरणार नाहीत, गेला तर वारा पडणार! लाझारुसी घरी आला, टोपी हातात चुरगाळत उभा राहिला.

"दादा, जा तू. पण हवेला कळू देऊ नकोस."

"मी काय तिला रोज फोन करतो?"

पुटुलिकची बायको अकिनिसी जमिनीवर बसून सीलचं कातडं खरवडत होती. ती जन्मली त्या वादळात तंबू उडाला होता, सुईणीनं एका हातानं पोर आणि दुसऱ्या हातानं तंबूचा खांब धरला होता. अजूनही गावात लग्न असलं की विमान उतरेपर्यंत तिनं बाहेर येऊ नये अशी तिला गोड शब्दांत विनंती होते. तिनं सुरी खाली ठेवली.

"मी येते."

लाझारुसीचा चेहरा उजळला. "वहिनी! हे आमच्या डोक्यातच आलं नाही!"

"कसं येईल? लग्नात मला कोंडून ठेवता, आज बरी आठवले!"

"अगं, पण थोडी चिडलेलीच राहा हं," पुटुलिक म्हणाला.

"त्याची काळजी तू आहेसच घ्यायला."

दोघं बर्फगाडीवर निघाले. वाटेत तिनं त्याला गाडी हळू चालवतो म्हणून झापलं, मग जोरात चालवतो म्हणून झापलं. चढ लागला आणि वारा एकाएकी थांबला. त्यानं गाडी उभी केली.

"बघ. आलो आणि थांबला. माझंच नशीब!"

"थांबला नाही रे, डोंगराच्या आडोशाला आहोत आपण! चल पुढे!"

माथ्यावर पोचले आणि वाऱ्यानं दोघांना एकदमच धक्का दिला. पुटुलिकनं खांबाला ठोका दिला. काही नाही. दुसरा दिला, तसे बर्फाचे पापुद्रे सुटले आणि त्याच्या हेल्मेटवर खडखडत पडले. वरची एक वाटी थरथरली, अडखळली, आणि मग तिन्ही अशा फिरायला लागल्या की वाट्या दिसेनाशाच झाल्या. मान वर करून बघता बघता पुटुलिक वाऱ्यानं ढकलला गेला आणि बर्फात बसला. जन्मात पहिल्यांदा वाऱ्यानं त्याला पाडलं होतं. तो बसल्या बसल्या हसायला लागला.

"अकिनिसी, मला पाडलं गं! मला!"

"उठ आता, लहान आहेस का?" ती ओरडली, पण तीही हसत होती.

खिशातल्या वॉकीटॉकीतून लाझारुसी विचारत होता, "दादा, वारा आहे का? दादा?" पुटुलिकनं वॉकीटॉकी हातात उंच धरली, बस्स. खाली लाझारुसीनं आपली वॉकीटॉकी रेडिओच्या माईकला लावली, आणि तासिराकच्या प्रत्येक स्वयंपाकघरात तो वारा घोंगावला. लोकांनी टेबलं बडवली. त्याच म्हातारीनं फोन करून सांगितलं, की छान आहे, पण जरा बारीक करा, नातू झोपलाय.

वर्ष पुरं झालं. सरासरी भरली, वर थोडी उरलीसुद्धा. पवनचक्क्या पुढच्या जहाजानं येणार असं लाझारुसीनं रेडिओवर जाहीर केलं आणि अभिनंदनाचे फोन सुरू झाले. सगळे अकिनिसीसाठी! "वहिनी, काय वारा आणलात!" "आजी, जोरदार!" पुटुलिकचं नाव कुणी घेईना. मग स्वतःच फोन उचलून त्यानं नंबर लावला.

"हॅलो, मी पुटुलिक. मलाही अकिनिसीचं अभिनंदन करायचंय. तिच्याइतकी वादळी बाई सगळ्या किनाऱ्यावर नाही, आणि ती माझी आहे."

समोर बसलेल्या अकिनिसीनं हे आधी त्याच्या तोंडून आणि मग रेडिओतून, असं दोनदा ऐकलं. ती लाजली, पण आवाज मात्र नेहमीचाच होता. तो सगळ्या गावाला ऐकू गेला.

"ठेव तो फोन. चहा गार होतोय."