चुकीच्या गळ्यात

सॅनिटायझर आणि मोगरा यांचा एकमेकांत मिसळलेला गंध तुम्ही कधी घेतला आहे का? गोरेगावहून हिंगोलीला निघालेल्या जीपमध्ये त्या सकाळी तो दरवळत होता आणि मला अत्तराहून प्रिय वाटत होता. दीड वर्षानं मी माणसांत चालले होते! अंगावर घडी मोडलेलं अंजिरी लुगडं, तोंडावर मास्क आणि छातीत सहलीला निघालेल्या पोरीची धडधड. अनोळखी बायकांशी मी अशी काही बोलत सुटले की एकीनं विचारलंच, "बाई, लई दिवसानं सुटल्या का?" व्हय म्हटलं, लई दिवसानं.

निमित्त होतं भाचीच्या डोहाळजेवणाचं. तिच्यासाठी हिरवा चुडा घ्यायला बाजारात शिरले, तर कासारणीनं आधी माझाच हात धरून मनगट दाबून पाहिलं. परक्या माणसाचा स्पर्श इतका मंगल असतो, हे एवढ्या आयुष्यात मला का कळलं नव्हतं? तिनं बांगड्या चढवून हात सोडला तेव्हा मी निर्लज्जपणे दुसरा पुढे केला. मग टपरीवर उभ्यानं चहा प्याले, उगाच दोन गल्ल्या जास्तीच्या फिरले. गर्दीचा मला एरवी किती तिटकारा, पण त्या दिवशी कुणाचा धक्का लागला तरी बरं वाटत होतं.

खरं सांगू? फिरत होते, कारण जेवणाच्या मंगल कार्यालयात पाऊल टाकायची भीती वाटत होती. भाचीची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. पहिल्या लाटेत भाऊजी गेले, तेव्हा कुणी येऊ-जाऊ नये म्हणून आमच्या गावाच्या वाटेवर काट्या टाकल्या होत्या. पण काट्या निघाल्या तरी मी गेले नाही. भ्याले. आमच्याकडे माणूस गेलं की भेटायला आलेली बाई आधी बोलत नाही. गळ्यात पडून मोठ्यानं रडते, आणि ते रडणं झाल्यावाचून दोघींतलं बोलणं पुन्हा सुरू होत नाही. फोनवर ते कसं व्हावं? "ऐकू येतंय का" विचारण्यातच हुंदका विरून जातो. निमंत्रणही भाचीकडूनच आलं होतं. अक्काचा फोन आला नव्हता.

कार्यालयाच्या दारातच ती दिसली. फिकट लुगडं, डोक्यावर पदर, तोच बांधा, तोंडावर मास्क. मी चुड्याचा पुडा खाली ठेवला, अंतर-बिंतर सारं विसरून तिच्या गळ्यात पडले आणि दीड वर्षाचं साचलेलं रडले. तीही रडली, माझ्याहून मोठ्यानं. बऱ्याच वेळानं कानाशी आवाज आला, "बाई, तुमी कोन हाव ते ठावं न्हाई. पन माजी माय गेली, तवा माज्या गळ्यात कोनीच पडलं न्हाई." ती व्याह्यांकडची कुणी पाहुणी होती.

मी मान वर केली, तर पलीकडे अक्का उभी. "माझ्या वाटचं सारं तिलाच देऊन टाकलं का?" तिनं विचारलं. मास्कवरचे तिचे डोळे हसत होते की भरले होते, मला ओळखता आलं नाही. मला तर आता रडूही येईना. ती पुढे म्हणाली, "चल. तू येईस्तोवर पोरीला पाटावर बसवून ठेवलं हाय. ओटी तू भर. माझा हात चालत न्हाई म्हनतेत."

तिनं माझी वाट पाहिली होती. वर हे असं, जणू मीठ संपलंय इतक्या सहज, सांगितलं होतं! मला संताप आला, माझाच, आणि तिला चालत नाही म्हणणाऱ्यांचाही. पाटापाशी गेल्यावर मी अक्काचं मनगट धरलं, तांदूळ आणि खण-नारळ तिच्या ओंजळीत घातले, खालून माझी ओंजळ लावली आणि म्हटलं, "भर." कुणाकुणाचं तोंड वाकडं झालं ते मास्कमुळे दिसलं नाही, आणि त्या मास्कचे उपकार मी जन्मभर मानीन.

भाचीनं पदर पसरला. काही तांदूळ पाटावर सांडले, बाकी सारे पदरात पडले. मग तिनं रिकाम्या हातांनी माझी मान ओढून घेतली आणि माझ्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली.